मांडीवरचा ताल

आबा, काल इथल्या म्युझियममध्ये तुमची आठवण आली, आणि ती काही चांगली नव्हती. काळ्या लोकांच्या इतिहासाचा कार्यक्रम होता, प्रवेश फुकट, म्हणून मुलाने सगळ्यांना नेलं. त्याच्या ऑफिसातलं एक मराठी जोडपंही बरोबर होतं. आधी नाच झाला, मग एका म्हाताऱ्या बाईने गोष्ट सांगितली. नातीने ती मला मोडक्या मराठीत समजावली: मालकांनी गुलामांचे ढोल काढून घेतले, तेव्हा त्यांनी मांड्यांवर, छातीवर ताल धरला. बाईने तो वाजवून दाखवला आणि म्हणाली, हा माझ्या पणजोबांचा. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मला तुमचा राग आला.

तुमची हलगी कुणी काढून घेतली नव्हती. गावच्या मयताला वाजवायची आणि वर दारोदार शिळी भाकरी मागायची, हे नको म्हणून तुम्हीच ती चुलीत घातलीत. बरोबरच केलंत. पण मी पिठाच्या डब्यावर नुसती बोटं वाजवली, तर माझं मनगट धरून म्हणालात, "पुन्हा वाजवलंस तर हात मोडीन. ह्या हातात पेन दिसलं पाहिजे मला." मॅट्रिक झाले तेव्हा पेन आणलंतही. त्याने मी जन्मभर दूध-भाजीचा हिशेब लिहिला. दुसरं काय लिहिणार? हलगीबरोबर ती वाजवणारेही तुम्ही जाळलेत. माझ्या पणजोबांचं नावसुद्धा मला ठाऊक नाही.

बाई सगळ्यांना ताल शिकवायला लागली. माझे हात आपोआप मांडीवर पडायला लागले, पण तिच्या नाही, तुमच्या तालात. नात बघतच राहिली. "आजी, यू नो धिस? आपल्याकडे पण ड्रम्स होते?" मी तोंड उघडलं, तोच मुलाने माझं मनगट धरलं. "नाही गं, आपण शेतकरी," हे त्याने हसत तिला, म्हणजे खरं तर त्या जोडप्याला, सांगितलं. जात कळली की ऑफिसात माणसं कशी बदलतात, ते त्याने भोगलंय. मग हळूच मला म्हणाला, "आई, इथे नको." कुठली शेती, आबा? पकड मात्र अगदी तुमची.

आज सकाळी बुद्धवंदना झाल्यावर बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि मांडीवर वाजवलं, शेवटपर्यंत. नळ सोडला तो बाहेर कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. नातीलाही. पाणी फार वाया गेलं.