नऊ ऑगस्टचा अर्ज दुरुस्त करून वाचावा

आडबंदर,
दि. ९ सप्टेंबर १९६३

प्रति,
मा. प्रांतसाहेब,
प्रांत कचेरी, दक्षिण भाग,
जिल्हा रत्नागिरी

विषय : ब्रदर इनास, वय ७१, यांच्यावरील तालुकाबंदीचा हुकूम रद्द करून त्यांना आडबंदर येथील शाळेत आणू देणेबाबत.

संदर्भ : १) 'एक हितचिंतक' या सहीचा निनावी अर्ज, दि. ९ ऑगस्ट १९५५.
२) त्या अर्जावरून निघालेला तालुकाबंदीचा हुकूम.

महोदय,

१. मी खाली सही करणार, आडबंदर येथील जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक, सविनय कळवितो की संदर्भ क्र. १ चा निनावी अर्ज मी लिहिलेला आहे. हे एक वाक्य कागदावर यायला आठ वर्षे लागली, तरी साहेबांनी ते पुन्हा एकदा वाचावे. आपल्या कचेरीतून मला दोनदा परत लावण्यात आले. कारकुनांचे म्हणणे असे की हुकूम त्या अर्जावर उभा आहे, तो अर्ज मागे घेतल्याशिवाय हुकूम हलत नाही, आणि अर्ज निनावी असल्यामुळे तो मागे घेण्याचा अधिकार कोणालाच नाही. म्हणून माझ्या हस्ताक्षराचा नमुना सोबत जोडला आहे. अक्षर ताडून पाहावे. मी ते बदलण्याचीही तसदी घेतली नव्हती, इतका मी निर्धास्त होतो.

२. ब्रदर इनास हे मूळचे गोव्यातील बारदेशचे. गरिबांच्या मुलांना फुकट शिकवण्याचे व्रत घेतलेल्या ख्रिस्ती ब्रदरांच्या संघाचे ते सभासद. गावात त्यांना सरसकट पाद्री म्हणत, पण ते पाद्री नव्हते. ते मिस्सा सांगत नसत, लग्ने लावत नसत, फक्त शिकवत. सन १९२९ साली त्यांनी आडबंदरला रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळी ओढून मासे धरणाऱ्यांच्या, मुलांसाठी शाळा काढली. मुले हिंदूंची, ख्रिस्तावांची, कोणाचीही. अंगात सदरा नसला तरी आत घेत. मी १९४८ पासून त्यांच्या हाताखाली मराठीचा मास्तर होतो.

३. त्यांच्या संघाची एक रीत होती, ती येथे सांगणे भाग आहे. वर्गात ब्रदर शक्यतो बोलत नसत. त्यांच्या हातात फणसाच्या लाकडाची बोटभर जोडपट्टी असे, तिला आम्ही चिपळी म्हणत असू. एक ठोका, मुलांनी उभे राहावे. दोन ठोके, बसावे. आणि कोणी वाचत असताना एक ठोका पडला तर त्याचा अर्थ, तू चुकलास, मागे जा आणि ते वाक्य पुन्हा वाच. काय चुकले ते ब्रदर कधी सांगत नसत. ते ज्याचे त्याने शोधायचे. बरोबर येईपर्यंत ठोका पडतच राही. मी त्यांच्या हाताखाली काढलेल्या सात वर्षांत त्यांनी एकाही मुलावर हात उगारला नाही, हे मी शपथेवर सांगतो. माझे स्वतःचे तसे नाही.

४. सन १९५५ च्या ऑगस्टात गोव्याच्या सरहद्दीवर सत्याग्रहाची धामधूम होती व बारदेशचा माणूस कायद्याने परका ठरत होता. अशा वेळी माझा अर्ज पोहोचला. चौकशीला आलेल्या फौजदारांनी खिडकीतून पाहिले, तो एक शब्द न उच्चारता साठ मुले उभी राहिली व साठ मुले बसली. त्यांनी 'गुप्त कवायत' असा शेरा मारला. खुलासा करायला मी तिथेच, दारात उभा होतो. मी तोंड उघडले नाही. ब्रदरांना कपडे घेण्यापुरता वेळ दिला. जाताना त्यांनी फक्त मला हाक मारली व म्हणाले, "मास्तर, तिसरीचो धडो अर्धो रवलो. तितको पुरो करा." मी मान डोलावली. धडा मी पुरा केला नाही, कारण त्या आठवड्यात शाळेला कुलूप लागले.

५. पुढे जून १९५६ मध्ये शाळा स्कूल बोर्डाकडे आली व मी मुख्याध्यापक झालो. पहिल्याच दिवशी, साडेदहाच्या सुमारास, वर्गात चिपळीचा ठोका पडला व मुले उभी राहिली. मी विचारले, कोणी वाजवले? कोणीच नाही. दोन ठोके पडले, मुले बसली. हा प्रकार तेव्हापासून शाळेच्या प्रत्येक दिवशी चालू आहे. रविवारी नाही, शाळा बंद असते त्या सुटीत नाही. मी पाल पाहिली, वाळवी पाहिली, कौले उतरवून पाहिली. शाळेचे शिपाई दाजी यांना माडावर चढवून वाऱ्याने आपटणारे सुकलेले चुडत, म्हणजे झावळ, काढवले. शेवटी हात टेकले.

६. याबाबत मी वेळोवेळी वरिष्ठांना लिहिले नाही असे नाही. बांधकाम खात्याचे उत्तर आले की लाकडी भागास कीड लागली असावी, डांबर लावावे. लावले. ठोका पडतच राहिला, वर मुलांचे कपडे काळे झाले. शिक्षण खात्याचे उत्तर असे की मुले विनाआज्ञा शिस्तीने उठतात व बसतात ही बाब तक्रारीची नसून अभिनंदनाची आहे. सोबत आदर्श शिस्तीचे प्रशस्तिपत्रक आले. ते माझ्या खुर्चीमागे टांगलेले आहे, समोर टांगण्याची माझी छाती झाली नाही.

७. साहेब म्हणतील, जुनी सवय असेल मुलांची. मीही मनाची तशीच समजूत काढली. पण आज जी मुले वर्गात बसतात त्यांतल्या धाकट्यांचा जन्मच ब्रदर गेल्यानंतरचा. पहिलीतली तुळसा ही रापणकराची मुलगी परवा वाचत होती, ठोका पडला, ती थांबली, मागे गेली आणि वाक्य नीट वाचून पुढे निघाली. तिची चूक मला ऐकूच आली नव्हती. तुला मागे जायला कोणी शिकवले, असे विचारले तर माझ्याकडेच बघत राहिली.

८. याहून वाईट गोष्ट माझी स्वतःची. दर पंधरा ऑगस्टला मी मुलांना शाळेची माहिती सांगतो. त्यात एक वाक्य असे, 'ब्रदर आपखुशीने गाव सोडून गेले.' पहिल्या वर्षी या वाक्यावर ठोका पडला. मी आवाज चढवून तेच वाक्य पुन्हा म्हटले. पुन्हा ठोका. सरपंच समोर बसलेले. दुसऱ्या वर्षी तसेच, तिसऱ्या वर्षी तसेच. चौथ्या वर्षी मी ते वाक्य गाळले, तेव्हा भाषण सुरळीत पार पडले. त्यानंतर घरीही, एकट्या मलाच, ठोका ऐकू येऊ लागला. जेवताना मी मध्येच ताटावरून उभा राहतो, आणि पत्नी सौ. सुभद्रा विचारते की कोण बोलवतो तुम्हाला. तिला काय सांगणार? भात निवत जातो आणि मी उभाच.

९. अखेर गेल्या आषाढात गावकऱ्यांच्या सल्ल्याने देवळात गाऱ्हाणे घातले. सरकारी नोकराने हे लिहू नये, तरी लिहितो. गुरव भाई यांनी नारळ ठेवला, आणि तोच उचलून माझ्या हातात परत दिला. म्हणाले, "मास्तर, हंयसर मेललो कोण नाय. तुमचो माणूस जितो आसा. जित्याक मी कसो बांधतलंय?" इतकी वर्षे मी ब्रदरांना मनातल्या मनात मेलेले धरून चाललो होतो. तसे धरणे सोयीचे होते. गोवा मोकळा होऊन दीड वर्ष झाले, सरहद्दीवरचा नाका उठला, म्हापशाला एस.टी. जाऊ लागली, पण त्या माणसाची चौकशी करावी असे मला एकदाही वाटले नाही. कसे वाटणार?

१०. मी ब्रदरांच्या संघाला पत्र घातले व दि. ३१ ऑगस्ट, शनिवार, रोजी त्यांच्या बारदेशच्या घरी गेलो. तेथील प्रमुखांनी आधी पत्रोत्तरी कळवले व मग समक्ष सांगितले ते असे. ब्रदर इनास १९५५ साली तेथे आले त्या दिवसापासून, शाळेच्या वेळात, आपल्या खोलीत एकटेच बसून चिपळी वाजवतात. समोर कोणी नाही. पहिल्यांदा समजूत काढली, मग वेड म्हणून सोडून दिले. गेल्या जूनमध्ये अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, डावे अंग गेले, उजवा हात तेवढा राहिला. त्या हाताने पाटीवर कधीकधी एकच ओळ लिहितात, 'आडबंदर, तिसरी.' संघाची त्यांना गाडीत घालून पाठवण्याची तयारी आहे, पण पोलिसांकडून कळले की हुकूम कायम असून सदर इसमाने झोळीतून जरी तालुक्यात पाऊल टाकले तरी अटक करावी लागेल. झोळीतला माणूस पाऊल कसे टाकतो, हे मी विचारले नाही.

११. मी त्या दिवशी खोलीबाहेर बसून घड्याळ लावून प्रत्येक ठोक्याची वेळ टिपली. येथे शाळेत दाजींनाही तेच काम सांगून ठेवले होते. दोन्ही कागद सोबत आहेत. सकाळची शाळा होती, चव्वेचाळीस नोंदी आहेत, एकीतही फरक नाही. साहेबांनी यावर विश्वास ठेवावा असा आग्रह नाही. माझी मागणी त्यावर अवलंबून नाही.

१२. शाळा सुटण्याची वेळ झाल्यावर मी आत गेलो. त्यांनी मला ओळखले. आठ वर्षांपूर्वीच्या अर्जाची नक्कल मी जपून ठेवली होती, का ते माहीत नाही, ती काढून त्यांच्यापुढे वाचू लागलो. माफी मागायला शब्द सुचेनात, म्हणून वाचन. पहिल्या वाक्याला ठोका पडला. मी तेच पुन्हा वाचले, ठोका पडला. तेव्हा मला समजले की मी वर्गात उभा आहे आणि बरोबर येईपर्यंत सुटका नाही. चार वाक्यांना तासाच्या वर वेळ लागला. तेथे जे बरोबर आले तेच खाली देत आहे. संदर्भ क्र. १ चा अर्ज यापुढे असा दुरुस्त करून वाचावा :

'सदर इसम मुलांना गुप्त खुणा शिकवतो' याऐवजी, 'सदर इसम मुलांना आपली चूक आपण शोधायला शिकवतो.'

'गावातील लोक त्यांना भितात' याऐवजी, 'गावातील लोक आपली मुले त्यांच्याकडे सोपवून समुद्रावर जातात.'

'त्यांचा सरहद्दीपलीकडे संबंध आहे' याऐवजी, 'सरहद्दीपलीकडे त्यांची आई आहे.' ती त्यानंतर वर्षभरात वारली, हेही मला तेथेच कळले.

चौथे वाक्य होते, 'केवळ राष्ट्रहितास्तव हा अर्ज केला आहे.' येथे फार वेळ लागला. मी 'शाळेच्या हितासाठी' म्हणून पाहिले, ठोका पडला. 'गैरसमजातून' म्हणून पाहिले, ठोका पडला. 'तरुणपणीच्या रागातून' यालाही पडला. शेवटी जे बरोबर आले ते असे : 'मास्तरांनीही पाळीने वर्ग झाडावा असा त्यांचा नियम होता, ते स्वतः रोज झाडत, आणि दि. ८ ऑगस्ट रोजी माझी पाळी आली म्हणून त्यांनी माझ्या हातात केरसुणी दिली. ज्यांच्या आया माझ्या घरी भांडी घासतात त्या पोरांनी ते पाहिले. मला ते सोसले नाही, आणि त्यांची खुर्चीही मला हवी होती.'

यावर दोन ठोके पडले. खोलीत दुसरी खुर्ची नव्हती, मी जमिनीवर बसलो आणि ढसाढसा रडलो. अर्जात लिहिण्याची ही बाब नव्हे. ब्रदर काही वेळ माझ्याकडे पाहत होते, मग त्यांना झोप लागली.

१३. तरी विनंती की, (अ) संदर्भ क्र. २ चा हुकूम रद्द व्हावा, (ब) ब्रदर इनास यांना आडबंदरच्या शाळेत तिसरीच्या वर्गात आणून बसवण्याची परवानगी मिळावी, (क) माझ्यावर जी कारवाई करायची ती खुशाल करावी, मी कोठे जात नाही. मात्र ती ब्रदर येऊन पोहोचल्यानंतर करावी, कारण वर्ग झाडून ठेवायला तेथे कोणीतरी हवे.

१४. संघाच्या प्रमुखांचे दि. ७ चे पत्र आज सकाळी हाती आले. झटका पुन्हा येऊन गेला. डॉक्टर येत्या शनिवारपुढचे काही सांगायला तयार नाहीत. माझा पहिला अर्ज खोटा होता, निनावी होता, त्याला एकही पुरावा जोडलेला नव्हता, आणि त्यावर आपल्या कचेरीतून चार दिवसांत हुकूम निघाला होता. हा अर्ज खरा आहे, सहीचा आहे. यालाही चारच दिवस द्यावेत. चौथा दिवस शुक्रवार येतो. शनिवारी आमची सकाळची शाळा असते.

आपला आज्ञेत उभा,

सत्यवान लक्ष्मण केळुसकर
मुख्याध्यापक, प्राथमिक शाळा, आडबंदर

सोबत : हस्ताक्षराचा नमुना एक, दि. ९ ऑगस्ट १९५५ च्या अर्जाची नक्कल. ठोक्यांच्या नोंदींचे कागद दोन. संघाच्या प्रमुखांचे पत्र. राजीनामा, तारीख घातलेली नाही.