रुमालाखालचा भाव

जुईनगर

प्रिय बंडू,

कवितेच्या तासाला आपला अख्खा वर्ग बाकावर ठेका धरायचा, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्यात तुझा हात कायम अर्धी मात्रा मागे! गुरुजी म्हणायचे, “बंडोपंत, कविता पुढच्या गावाला पोचली, तुम्ही अजून वेशीतच.” त्याच नादानं म्हातारपणी कवितांचं पुस्तक काढलं बघ.

तुला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून माझ्या प्रकाशकाला, तुर्भ्याच्या रणजीतला, ईबुकही काढायला लावलं. टॅबवर अक्षर भोपळ्याएवढं करता येतं म्हणे. पण तू फोनवर अटी घातल्यास: भेट दिलेलं पुस्तक घेणार नाही, आणि विकत घेईन तर शंभराच्या आत. जन्माचा चिक्कू तू!

छापील पुस्तक अडीचशेला ठरलं. ईबुकचे रणजीतनं दोनशे चाळीस सांगितले आणि मी उखडलोच. म्हटलं, “अरे, ना कागद, ना शाई, ना टेम्पोचं भाडं. मग एवढे कशाचे?” तो म्हणाला, “काका, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, हा खर्च दोन्हींना सारखाच. विकणारं ॲप आपला वाटा कापून घेतं, तो वेगळा. वर ईबुक स्वस्त केलं, तर छापलेले गठ्ठे माझ्या गोदामात अंडी घालत बसतील.”

मी गप्प बसतोय होय? कांदाबटाटा मार्केटात जन्म काढलेला माणूस मी. तिथं भाव बडबडून ठरत नाही, रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. खिशातला रुमाल काढला, रणजीतच्या हातावर टाकला आणि खालून बोटं दाबून नव्वद सांगितले. त्यानं मान डोलावली, माझाही हात दाबला. सौदा पक्का! मी ऐटीत चहा मागवला.

परवा नातीनं, श्रुतीनं, ॲप उघडून दाखवलं. ईबुक दोनशे चाळीस! रणजीतला फोन लावला, तर म्हणतो, “काका, ते रुमालाचं मला काय कळतंय? मला वाटलं, पहिलं पुस्तक म्हणून तुम्हाला गहिवरून आलं. मग मीही हात दाबला.” आता दिवाळीपर्यंत भाव हलायचा नाही म्हणे.

तर बंडू, हे पत्र एवढ्यासाठीच. एवढा एकदा तो शंभराचा हट्ट सोड. पहिल्याच पानावर मी ‘बंडूस’ असं छापून घेतलंय. तूच वाचलं नाहीस, तर बाकीच्यांनी अडीचशे मोजून मला काय त्याचं? थांब, बेल वाजली. श्रुती दारातून ओरडतेय, “आजोबा, साताऱ्याचे बंडूआजोबा आलेत! म्हणतात, पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, आणि कवी वाचून दाखवायचे पैसे घेत नाही. आठ दिवस राहणारेत, पिशवी कुठं ठेवू विचारतायत!”

तुझाच, आणि आता आठ दिवस तुझ्याच तावडीतला,
किसन