शेगडीला पोतेरं नाही

५ फेब्रु. ७५, केनवड

काल बाईकडे उतरलो. चार दिवस राहायचं, मग मेहकर. तिथं टुरिंग टॉकीजचा तंबू लागतोय. मालक म्हणाला, यंदा मशीनला हात लावू देतो. नुसत्या वायरी ओढून कंटाळलो.

सख्खी मोठी बहीण, पण दारात ओळखायला वेळ लागला. अंगानं अर्धी झाली. खोकल्याची उबळ आली की भिंत धरून उभी राहते, बोलणं मध्येच तुटतं. थांबलं की डोळे पुसून हसते, "काय म्हनत होती मी?"

भाऊजी इथल्याच शाळेत मास्तर. बाहेर ओट्यावर हळूच बोलले. डॉक्टरनं सांगितलंय, धूर बंद करा, नाहीतर छाती कामातून जाईल. म्हणून दिवाळीत अकोल्याहून विजेची शेगडी आणली. मी म्हटलं, कुठाय? त्यांनी वर बोट दाखवलं. माळ्यावर. पोत्यात घालून दोरीनं करकचून बांधलेली. चोराला बांधतात तशी.

खाली चूल धुपत होती. तुराट्या ओल्या.

६ फेब्रु.

वि. शे. ची हकीकत. (एवढं 'विजेची शेगडी' कोण लिहीत बसेल.) बुढीनं स्वतःच सांगितली. बुढी म्हणजे भाऊजींची आई. तोंडावर मी मावशी म्हणतो.

"सकायी उठलं की चुलीले पोतेरं द्या लागते. पांढऱ्या मातीच्या पान्यात फडकं बुडवाचं, चुलीवरून फिरवाचं, मंगच इस्तो. बासी चूल माह्या मायनं पेटवली नाई, म्या पेटवली नाई. तशीच हिलेबी पोतेरं द्याले गेली. तुह्या बहिनीनं बटन दाबून ठेवलं होतं, मले काय मालूम? उचलून फेकलं ना बाप्पा हिनं! चूल होये का मारकी म्हैस?"

कोपरापर्यंत हात दोन दिवस बधिर होता म्हणे. त्याच दिवशी शेगडी माळ्यावर गेली.

"आन् मले सांग, ज्या चुलीले हात लावता येत नाई, तिचं अन्न मानसानं कसं खावं?"

पेरू खात बसलो. पेरू इथले बरे. आतून गुलाबी निघतात, सगळे नाही, पण कोणता निघेल ते कापल्याशिवाय...

८ फेब्रु.

मेहकरला आज निघायचं होतं. नाही निघालो.

बुढी विहारात वंदनेला गेली तेवढ्यात शेगडी खाली काढली. खापरासारख्या पांढऱ्या ताटलीत खाचा, खाचांत तारेचं उघडं वेटोळं, खाली लोखंडी पाय. वायरीत दोनच तारा. टॉकीजच्या जनरेटरपाशी मालक आधी जमिनीत सळई ठोकायचा न् तिसरी तार तिला बांधायचा. इथं ती तिसरी नाहीच. भाऊजींना म्हटलं, अर्थिंग नाही हिला.

"दुकानदार तर म्हने दोन तारांवर चालते."

"चालते ना. मावशीबी दोन हात चालत गेल्या भिंतीपर्यंत."

भाऊजी हसले नाहीत. माझी जीभ आधी धावते, मी मागून.

११ फेब्रु.

वायरमनला बोलवायला रिसोडला गेलो. स्टँडबाहेर एक जण पोपटाकडून चिठ्ठ्या काढवत होता. पोपट हुशार, पण थकलेला. चिठ्ठी काढायच्या आधी मालकाकडे पाही, जसं काही म्हणतो आहे, याचीही? घोळक्यात उभा राहिलो. सावली फिरली तेव्हा वायरमन आठवला. तो मालेगावला निघून गेलेला.

परत आलो तर बाई चुलीपुढेच. रागावली असती तर बरं झालं असतं. ताट वाढता वाढता उबळ आली, पदर तोंडात कोंबून बाहेर गेली. अंगणातून आवाज येत राहिला. बुढी, भाऊजी, मी, तिघं ताटापुढे तसेच. कोणी घास उचलला नाही.

पोपट गेला खड्ड्यात. उद्या परत रिसोड.

१२ फेब्रु.

वायरमन आणला. बसमध्ये त्याच्या शेजारीच बसून आलो, म्हणजे तो सुटू नये न् मीही. पान खाऊन खाऊन तोंड लाल, बोलणं अर्धं थुंकीत. त्याचं ऐकून लिहून ठेवतो:

अर्थिंग पाहिजेच. मागच्या भिंतीशी कमरेएवढा खड्डा. त्यात कोळसा, मीठ, मधे लोखंडी पाइप, त्याला तार. शेगडीच्या पायाला करंट उतरला तर तो जमिनीत जाईल. तरी ओल्या हातानं शिवायचं नाही. "अर्थिंग हाय म्हनून जळत्या तारेवर वलं फडकं फिरवशान त मंग तुमचं नशीब. तथी अर्थिंगचं काई चालत नाई."

बटन उंच भिंतीवर, मोरीपासून लांब. बल्बच्या होल्डरमधून शेगडी चालवायची नाही, वायर वितळते. शेजारी तसंच करतात, मी पाहिलंय. सांगायला गेलो तर म्हणाले, आमचं आमी पाहून घेऊ.

वायरमन दोन दिवसांनी जोडून देईल. खड्डा मी खणायचा.

१४ फेब्रु.

मुरूम लागला. हाताला फोड. खणताना एक मडक्याचा तुकडा निघाला, त्यावर बोटांच्या खुणा उमटलेल्या. कोणा बाईच्या असतील. अर्धा तास त्यात आपली बोटं बसवून पाहत बसलो.

मग खरी गडबड. कोळसा ओतला, मिठाचं पोतं उघडलं, आणि बुढी मागं येऊन उभी. एकदम पांढरी पडली.

"मीठ? खड्ड्यात मीठ कायले? कोन मेलं?"

माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आमच्यात मयत पुरताना मीठ घालतात. खड्डाही नेमका लांबट झालेला. घरामागं, बिमार सुनेच्या खिडकीखाली. बुढी खाली बसली.

"माही सून जित्ती हाय रे. तिच्या उशापाशी असं काऊन करतं?"

बाई आतून धावत आली. बोलायला गेली तर उबळ. बुढी तिच्याकडे पाहते, खड्ड्याकडे पाहते. मी घमेलं धरून. तोंडातून निघून गेलं, "मावशी, थो झटका गाडून राह्यलो. तुमाले ज्यानं फेकलं ना, थोच. मीठ घालूनच गाडा लागते, न्हाईतर वर येते."

बुढी गुडघ्यावर हात टेकून उठली. मग म्हणाली, "मंग खोल गाड."

घरात गेली. जाता जाता वळून, "आन् खड्डा गोल कर, मुर्दाडा."

१७ फेब्रु.

वायर जोडली. वि. शे. लाल झाली! पहिला चहा. भाऊजी दोन कप प्याले. बाई ताटलीकडे बघत बसली होती, चुलीपुढं बसावं तशी, फुंकणी हातात. फुंकायला काही नव्हतं.

तिला शिकवलं. स्वयंपाकाच्या ओट्यावर मोकळी जागा, आसपास कपडा-कागद नाही. पदर खोचायचा. पाटावर उभं राहायचं, हात कोरडे. ढवळायला लाकडी चाटू, लोखंडी उलथनं नाही. दूध उतू जाऊ द्यायचं नाही. भांडं उतरवायच्या आधी बटन बंद. पुसायची तर बटन बंद, प्लग काढून, पार थंड झाल्यावर, तेही कोरड्या फडक्यानं. पोतेरं नाही. लाइन गेली की बटन आधी बंद, आठवणीनं, कारण ती कधीही येते. हे तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

"मास्तर तू का हे?" बाई भाऊजींकडे बोट करून म्हणाली.

बुढी दाराआड तांदूळ निवडत. मान वर केली नाही. चहाही घेतला नाही.

२० फेब्रु.

वाटलं होतं संपलं. कुठलं.

बुढीनं अंगणात आपली निराळी चूल घातली. "तुमी खा तुमच्या बटनाचं. माही भाकर मी टाकतो." आता सासू धुरात फुंकते न् सून घरात बटन दाबते, असं कोणत्या घरी चालतं? बाई जाऊन बसली चुलीपुढं. आत्याबाई सरा, मी टाकते. बुढी सरत नाही, बाई उठत नाही. दोघी धुरात. वि. शे. ओट्यावर थंड.

बाईला म्हटलं, तू कायले जातं? ती म्हणे, "त्यायचे डोये पाह्यले का तू? मोतीबिंदू होये दोन्ही. मी नाई बसली त हात भाजतीन."

आणि भाकरीचं बुढीचं खरं आहे. वि. शे. वर भाकर फुगत नाही. तव्यावर भाजली तरी शेवटी निखाऱ्याला उभी लावावी लागते. संध्याकाळी तर लाइन इतकी कमी की तार नुसती कोमट. बुढी म्हणाली, "कोंबडीखाली ठेवा, अंडे उबवतीन."

हसू आलं. पण बाई रात्रभर...

२७ फेब्रु.

मेहकरहून निरोप. तंबू उठला, आता लोणार. येतोस का? हो म्हणून कळवलं. अजून इथंच.

४ मार्च

काही नाही. ऊन. हरभरा खाल्ला, ओला, भाजून. भाऊजी शाळेच्या पोरांना घेऊन झाडं लावतात, बकऱ्या खातात, ते परत लावतात. बाईचा खोकला तसाच.

९ मार्च

आजचं क्रमानं लिहितो.

दुपारी बाईनं वरण चढवलं न् लाइन गेली. तिनं भांडं उतरवलं, बटन मात्र राहिलं. नेमकी उबळ आलेली. ती माळवदाच्या सावलीत जाऊन पडली. मला म्हणाली, घराकडे ध्यान ठेव. हो म्हटलं. तेवढ्यात गल्लीत बहुरूपी आला. फौजदार झालेला, मिशी एका बाजूनं सुटलेली, कोणाच्याही दारात जाऊन अटक करी. त्याच्या मागं मी चार घरं गेलो.

बुढीनं भाकरीचं टोपलं, वरून फडकं झाकलेलं, थंड शेगडीवर ठेवलं. उंच जागा, मांजर लागत नाही.

लाइन आली.

मी परत आलो तर घरातून धूर न् जळक्या फडक्याचा वास. पळत आत. बुढी ओट्यापुढे पाटावर उभी. एका हातात पाण्यानं भरलेला गडवा. मी ओरडलो, "मावशी, पानी नका टाकू!"

ती शांतपणे म्हणाली, "बोंबलू नको. बंद केलं म्या."

दुसऱ्या हातात लाकडी चाटू होता. चाटूच्या दांड्यानं तिनं बटन वर केलं होतं. टोपलं चाटूनंच ढकललं होतं, ते जमिनीवर कलंडून धुमसत होतं. प्लगसुद्धा काढलेला, हाताला कोरडं लुगडं गुंडाळून.

म्हणजे त्या दिवशी दाराआड तांदूळ निवडताना सगळं ऐकत होती.

"गडवा काऊन भरला मंग?"

"हाताले सवय हाय. विस्तव दिसला का पानी. भरल्यावर आठोलं, हिले नाई चालत." गडव्याकडे पाहत राहिली. "मंग आता हे कोठी टाकू?"

टोपल्यावर ओतलं तर विझलं. अर्धा गडवा उरला. मला उगाच आठवलं, वायरमन जाताना म्हणाला होता, उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडला तर काम करत नाही, पाणी देत जा. सांगितलं. मी तर एकदाही दिलं नव्हतं.

बुढी घरामागं गेली, उरलेलं पाणी खड्ड्यात ओतलं. मातीनं ते सूं करून पिऊन टाकलं. बुढी म्हणाली, "तहानली होती व."

बाई खांबाला टेकून सगळं पाहत होती. रडत होती की हसत, कळलं नाही.

बहुरूप्याबद्दल कोणी काही विचारलं नाही.

१५ मार्च

रोज सकाळी आता असं चालतं. बुढी उठते. आधी प्लग काढून खुंटीला टांगते, डोळ्याला दिसत नाही म्हणून बोटांनी चाचपून खात्री करते. मग शेगडी उचलून बाजूला, आणि ओट्याला पोतेरं. शेगडीला नाही, तिच्या जागेला. वाळेपर्यंत थांबते. वाळलं का हे गालाचा स्पर्श करून पाहते. मग शेगडी जागेवर. मग गडवा घेऊन मागं, खड्ड्याला पाणी. तोपर्यंत चहा कोणी मागायचा नाही.

भाऊजी शाळेला उशिरा जातात. तक्रार नाही.

२३ मार्च

आज बुढीनं चहा घेतला. बशीत ओतून, वास घेऊन. "धुराची चव नाई याले," म्हणाली. कप पालथा केला नाही, पुढं केला.

भाकर मात्र अंगणातल्या चुलीवरच, दिवसातून एकदा, सकाळी. बाईला तिकडं येऊ देत नाही आता. "तू तथी बस. भाजलं त भाजलं, माहे हात होये." तरी काल एक बोट भाजलंच. बाईनं पाहिलं न् उठून गेली चुलीकडे. पुन्हा तेच. मी म्हटलं, मी टाकतो भाकर. दोघी हसल्या. भाकर थापली, नकाशा झाला. बुढीनं खाल्ली मात्र.

३० मार्च

डॉक्टरनं बाईची छाती तपासली. तो म्हणे एवढ्यात काही सांगता येत नाही, पावसाळा निघू द्या. म्हणजे काय, भाऊजींनी विचारलं. म्हणजे पावसाळा निघू द्या.

माझी भाकर आता बरीच गोल येते. फुगत नाही.

६ एप्रिल

लोणारचा तंबूही उठणार, शेवटचा आठवडा. आज सकाळच्या गाडीनं निघायचं ठरलं. पिशवी भरली. बाईनं दशम्या बांधल्या, दुधातल्या, वि. शे. वर केलेल्या. बुढी म्हणाली, "जाय बाप्पा. तुले पाय हायेत त जाय. भाकरीचं मी पाहून घेईन." मग खड्ड्याकडे पाणी घेऊन गेली.

फाट्यावर जायला अवकाश होता म्हणून बाहेर ओट्यावर बसलो. आत बाई कप विसळत होती. एकदा खोकली. कोरडं, लहान. मग गप्प. रोज एकदा सुरू झालं की थांबत नाही. दुसऱ्या खोकल्याची वाट पाहत बसलो. मागच्या उघड्या दारातून बुढी पण भिंतीशी गडवा हातात तसाच धरून उभी राहिलेली दिसली, मान कलती करून.

गाडीचा हॉर्न वाजला, दोनदा. गेली.

पिशवी मांडीवर आहे. ऐकतो आहे अजून.