गवतातलं सैपाकघर

सोनाळा, १४ डिसेंबर, संध्याकाळ

मोज्यांत अडकलेली कुसळं अजून टोचताहेत. काढायला हात धजत नाही.

आज रुखमाआजींबरोबर त्यांच्या जुन्या गावी गेले. अभयारण्यासाठी ते गाव उठवलं आणि माणसं इकडे डोंगराखाली आली. वर आता नुसतं कमरेएवढं गवत. माझ्या पुस्तकात त्यावर एक वाक्य आहे : माणसं गेली आणि गवताने आपली जागा परत घेतली. हस्तलिखित वाचलेल्या सगळ्यांना आवडतं ते. मलाही आवडायचं.

फोटो काढत सरळ निघाले, तर आजी मागून म्हणाल्या, "मॅडम, बूट काढा. ते माहं सैपाकघर हाय."

काढले. का काढले? भिंत नाही, चुलीचा दगडसुद्धा नाही. तरी परक्या घरात उभं राहावं तशी अंग चोरून उभी राहिले. आजी मात्र वळसा घेऊन, एका ठिकाणी किंचित वाकून आत आल्या. पदर खोचला.

"बस माय, चाय मांडतो."

आणि मी, माणसं कुठून उठली, रान कसं बदललं, हेच लिहिण्यात हयात घालवलेली बाई, सवयीने म्हणाले, "अर्धाच कप मांडा, आजी."

आजी गवताकडे बघत राहिल्या. मीही. कुणीच हसलं नाही.

उद्या पुस्तकाची मुद्रितं परत पाठवायची आहेत. त्या वाक्याचं काय करू?

निघताना बूट मी हातातच धरले होते. आणि आजी वाकल्या होत्या त्या ठिकाणी आल्यावर मीही वाकले.