डोकं थंड झालं की कळवा

२ जुलै
जानेवारीत मिळालेली डायरी आज उघडतोय. उशिराबद्दल माफी. पण फुरसत कुणाला आहे? दिवसभर सात मजली ऑफिसात लिफ्ट चालवायची. शिकलेसवरलेले लोक, जायचं वर असलं तरी वरचं आणि खालचं अशी दोन्ही बटणं दाबतात! याचा ताण येतो. तो संध्याकाळी हिला सांगून मोकळा होतो. ही शांतपणे ऐकते, मध्ये मध्ये "हं" म्हणते. हिला ऐकू कमी येतं, म्हणून कानाचं यंत्र मीच हौसेने घेऊन दिलं. माझा शब्द वाया जायला नको. हल्ली संध्याकाळ पुरत नाही म्हणून सकाळच्या चहालाही सांगायला लागलो होतो.
तर काल ही बॅग भरून लेकीकडे गेली. म्हणाली, "अहो, डोकं थंड झालं की कळवा. येते मग."
माझं डोकं थंडच आहे. आठवड्यात दाखवून देतो.

३ जुलै
लेकीचा फोन. म्हणे बाबा, गोळ्या नकोत, नैसर्गिक उपाय करा. दीर्घ श्वास घ्या. श्वास काय, साठ वर्षं घेतोच आहे. तरी बसलो. डोळे मिटले. शेजाऱ्याची टाकी भरून वाहत होती. आत घेतलेला श्वास त्याच्या दारात जाऊन सोडला. तो म्हणाला, "काका, टाकी तुमचीच आहे."

५ जुलै
गवतावर अनवाणी चालल्याने ताण जमिनीत उतरतो म्हणे. ऑफिसमागच्या हिरवळीवर चपला काढल्या. माळी ओरडला, "ओ आजोबा, पाटी दिसत नाही का? कालच खत टाकलंय!" कसलं खत, ते पायाला वास लागल्यावर कळलं. लिफ्टमध्ये लोक नाक दाबून उभे. दोन्ही बटणं दाबणारे हेच, आणि नाकं यांना!

८ जुलै
गरम पाण्यात पाय. पाणी फार गरम. गार घातलं, फार गार. पुन्हा गरम घातलं, बादली वाहिली. फरशी पुसता पुसता कंबर धरली. विश्रांतीसारखं कष्टाचं काम नाही.

१० जुलै
मोबाईलवर झऱ्याचा आवाज ऐकत पडलो. चार वेळा बाथरूमला जाऊन आलो. हे उपाय ज्याने काढले, त्याचं वय तीसच्या आत असणार.

१३ जुलै
सापडलं! खिडकीतल्या कुंडीशी बोलायचं. झाडं ऐकतात असं लेक म्हणाली. कुंडीला आठवड्याचं सगळं सांगितलं: बटणं, माळी, पाचव्या मजल्यावरचा तो अकाउंटंट, जो एका मजल्यासाठी लिफ्ट मागवतो. मन हलकं झालं. फक्त एक, कुंडी "हं" म्हणत नाही. ऐकावं तर हिनेच. उद्या फोन करून सांगतो, डोकं थंड झालं.

१४ जुलै
फोन केला. हिला म्हटलं, मी आता अगदी शांत आहे, आणि शांत कसा झालो ते पहिल्यापासून सांगितलं. अकाउंटंटपर्यंत आलो तेव्हा लक्षात आलं, "हं" येत नाही. पलीकडून लेक बोलली, "बाबा, आईने फोन टेबलावर ठेवून यंत्र डबीत टाकलंय."
म्हटलं, बॅटरी गेली असेल.
"अहो बाबा, संध्याकाळी तुम्ही चपला काढल्या की ती यंत्र काढते. रोज. तिचा आराम तोच. तुमचे हातवारे थांबले की 'हं' म्हणायचं, एवढंच. सकाळी दाराची बेल, कुकरच्या शिट्ट्या ऐकायला यंत्र लावावंच लागतं, आणि तुम्ही सकाळीही सुरू झालात. तेव्हा ती निघाली."
म्हणजे दोघांत नैसर्गिक उपाय हिलाच सापडला होता.

१५ जुलै
कुंडीतली दोन पानं पिवळी पडली आहेत. आज तिला काही सांगितलं नाही.
अकाउंटंट आज तिसऱ्यावरून चौथ्यावर गेला. कुणाला सांगू?
लेकीच्या मोबाईलवर निरोप पाठवला. इथेही उतरवून ठेवतो: सकाळी तोंड उघडणार नाही. संध्याकाळी यंत्र डबीतच ठेव, मला चालेल. हातवारे मी वेळेवर थांबवीन, तू "हं" तेवढं म्हण. कधी येतेस ते लवकर कळव.