एकाच दिवशी छापलेली दोन नावं

मखमलाबाद, नाशिक
१८ नोव्हेंबर १९९६

ति. छायाताईस,
शि. सा. न. वि. वि.

ताई, गळा काढून रडावं की कुणाचा गळा धरावा, तेच कळत नाही. तू मालवणच्या खाडीत गुडघाभर चिखलात उतरून माझ्यासाठी समुद्री किडे उकरलेस. त्या किड्यांच्या अंगावर राहणारे कोपेपॉड, म्हणजे झिंग्यांच्या गोतातले कणीएवढे जीव, मी दोन वर्षं भिंगाखाली बघत बसले. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी रजा घेतली, तेवढ्यात आमच्या गाईडनी, कुंदन सरांनी माझ्या बाटल्या आणि चित्रं उचलून निबंध छापलासुद्धा. माझं नाव आभारातही नाही.

त्यात त्यांनी दोन नव्या जाती जाहीर केल्यात. मोठीला बायकोचं, विमलाबाईंचं नाव, आणि बारकीला स्वतःचं! आमच्या शास्त्रात स्वतःचं नाव देणं निर्लज्जपणाचं मानतात. मी आईचं, नवसाबाईचं नाव देणार होते, तुला ठाऊक आहेच. एकदा छापलेलं नाव बदलता येत नाही, आता ते कधीच जमणार नाही.

पण ताई, त्या दोन जाती नाहीतच. मोठी ती मादी, बारका तिचा नवरा. जिवंत किड्यावर तो तिच्या शेपटाला चिकटून असतो, स्पिरिटमध्ये टाकला की सुटतो. सरांनी फक्त बाटली पाहिली. मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. आता त्यांना मिरवू दे, चांगले उंच चढू दे. तू जिवंत किडे पाठवशील ना?

भाचरांना पापे. माया आहे तशीच ठेव.

तुझी,
शुभांगी


मालवण
३ डिसेंबर १९९६

चि. शुभांगीस,
अ. उ. आ.

ओल्या वाळूत किडे भरून डबा ओळखीच्या कंडक्टरच्या हाती दिला आहे. डबा उघडून बघू नका, असं त्याला बजावलंय. नाहीतर खाऊ समजून हात घालायचा. तुझे भावोजी म्हणाले, या मेहुणीशी आपण जपून वागलेलं बरं.

आईला मात्र यातलं काही सांगू नकोस. साधी बाई, देवावर सोड म्हणेल आणि तुझा हात ढिला पडेल. माझं विचारशील तर सोडू नकोस. त्या चिखलात शिंपल्यांनी माझ्याही टाचा चिरल्यात, त्या काही सरांच्या बायकोसाठी नव्हेत.

जेवणाची हेळसांड करू नकोस. आशीर्वाद पाठीशी आहेतच.

तुझी,
ताई


मखमलाबाद, नाशिक
९ फेब्रुवारी १९९९

ति. छायाताईस,
शि. सा. न. वि. वि.

छापून आलं! चिकटलेल्या जोडीच्या फोटोंसकट. दोन्ही जाती एकच, हे आता कुणाला नाकारता येणार नाही. आणि आमच्यात एक नियम आहे. एकाच जीवाला एकाच वेळी दोन नावं छापली गेली, तर त्यांतलं कुठलं ठेवायचं हे ती चूक पहिल्यांदा दुरुस्त करणारा ठरवतो. म्हणजे मी. मी विमलाबाईंना ठेवलं आणि सरांना काढून टाकलं.

सर कॉलेजात येऊन म्हणाले, निदान आधी सांगायचंस. मी म्हटलं, तुम्ही कुठे सांगितलं होतंत?

आईचं नाव गेलं ते गेलंच, त्याचं दुःख आहे. म्हणून काल तिला सगळं सांगून टाकलं. आज सकाळी तिने बाजारात झेंडू विकून परस्पर पेढे घेतले आणि थेट गंगापूर रोडला सरांच्या बंगल्यावर निघाली. मी आपली मागे धावतेय.

विमलाबाईंनी दार उघडलं. आईने त्यांना पेढा देऊन सांगितलं, की बाई, तुमचं नाव कायमचं राह्यलं. त्या बिचाऱ्या लाजून लाल झाल्या आणि कौतुकाने सरांना बाहेर बोलावलं. आईने त्यांच्याही हातावर पेढा ठेवला आणि म्हणाली, तुमचं नाय राह्यलं, लय वाईट वाटलं, पण आनंदाचा पेढा हाय, नाय म्हणू नका. सर तो खिशात घालायला लागले. आई जागची हलली नाही. त्यांनी तोंडात टाकला, चावला, गिळला, तेव्हाच तिने पदर सावरला आणि मला म्हणाली, चल.

पत्र पोचल्याचं कळव. लोभ वाढता असू दे.

तुझी,
शुभांगी