शपथेचं पान

वारूळवाडी,
१२ डिसेंबर २००४

चि. चांगदेवास रत्नामावशीचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. शाळा भरते, मी शिकवते, घरी येऊन जेवते. थंडी पडली आहे.

तू शाळेत जात नाहीस, असं रखमाजीकाका म्हणाले. मी दोनदा शिनोलीला आले, तू माळ्यावरून उतरला नाहीस. म्हणून लिहिते आहे.

व्यसन सोडणाऱ्या मुलांच्या रविवारच्या वर्गासाठी पुस्तिका मी केली, ते तुला ठाऊक आहे. मोठ्यांचीच घेतली. दारूच्या बाटलीऐवजी पंक्चरच्या सोल्यूशनची ट्यूब काढली, रडणाऱ्या बायकोच्या जागी आई काढली, अक्षर मोठं केलं. झाली मुलांची पुस्तिका, असं मला वाटलं. शेवटचं पान तसंच ठेवलं. हातात भंडारा घेऊन शपथ: पुन्हा शिवलो तर माझ्या माणसाचं वाईट होईल. मोठी माणसं अशा शपथा घेतात, मोडतात, देवापुढे नारळ फोडून मोकळी होतात. तू ती घेतलीस तेव्हा तेरा वर्षांचा. मोडल्यावर काय करायचं, ते तुला कोणी सांगितलं नव्हतं.

ताईच्या दहाव्याला नदीवर तू मला बाजूला घेतलंस. "मावशी, गणपतीत मी एकदा सोल्यूशन वढलं व्हतं. आई त्याच्यामुळंच गेली ना?"

मी गप्प राहिले. मावशीला रडू येतंय, असं तुला वाटलं असेल. रडू आलं नव्हतं, अजूनही येत नाही. याला असंच वाटू दे, म्हणजे पुन्हा हात लावणार नाही, असा विचार मी करत होते.

ताईच्या हृदयाची झडप तू जन्मायच्या आधीपासून खराब होती. पुण्याच्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. "चांगूला नको सांगू, घाबरंल त्यो," ताई म्हणाली, म्हणून तुझ्यापासून लपवलं. मला सगळं माहीत होतं.

तुझ्यामुळे काहीही झालेलं नाही.

ते पान मी सगळ्या पुस्तिकांतून फाडलं. नव्या पानावर एवढंच आहे: 'पुन्हा घेतलं तर मी कोणाला सांगेन?' खाली एक रेघ. मुलं नावं लिहितात. कोणी बहिणीचं, एकाने एसटीच्या कंडक्टरचं लिहिलंय. तुझी प्रत सोबत आहे. रेघेवर माझं नाव घालू नकोस. तू मला सांगून पाहिलं आहेस.

तुला तेव्हा उत्तर न दिलेली,
रत्नामावशी